बर्फाखालचा मासा दाखवणारा कॅमेरा जामसरच्या पाण्यात काय दाखवेल?

गोठलेलं तळं. बर्फात पाडलेलं जेमतेम ताटलीएवढं भोक. त्यातून वायरला जोडलेला एक छोटा कॅमेरा खाली सोडला जातो आणि वर बसलेल्या माणसाच्या स्क्रीनवर हिरवट पाणी दिसू लागतं. थोड्या वेळाने एक मासा येतो, गळाच्या आमिषाभोवती फिरतो, थांबतो, तोंड उघडतो. रील तिथेच संपतं.

असं रील पाहिलं की दोन प्रश्न हमखास पडतात. हे यंत्र केवढ्याला मिळतं? आणि आपल्या नदीत, तळ्यात चालेल का?

पहिल्याचं उत्तर कोणत्याही ऑनलाइन दुकानात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र पैसे खर्च करण्याआधी कळलेलं बरं. त्यासाठी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातलं जामसर आणि भोवतालचा जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ पट्टा उदाहरण म्हणून घेता येईल. इथे ओढे आहेत, नद्यांचे डोह आहेत, विहिरी आहेत, पावसाळ्यात मासेही आहेत. बर्फ मात्र कधीच पडत नाही. पण कॅमेऱ्याची खरी अडचण बर्फ नसण्याची नाही, पाणी गढूळ असण्याची आहे.

हे यंत्र असतं तरी काय?

बर्फावरच्या मासेमारीचा कॅमेरा हा चार भागांचा साधा संच असतो. मुठीएवढा, पाणी आत जाणार नाही असा बंद केलेला कॅमेरा. साधारण १५ ते ३० मीटर लांबीची वायर. पाच ते दहा इंचांचा स्क्रीन. आणि हे सगळं चालवणारी बॅटरी. कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती छोटे एलईडी दिवे असतात. काही कॅमेऱ्यांत पांढरा प्रकाश असतो, तर काहींत डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड.

वायर का लागते, वायफाय का चालत नाही, असा प्रश्न अनेकांना पडतो. कारण वायफाय आणि ब्लूटूथच्या लहरी पाण्यात काही इंचांतच विरून जातात. म्हणून पाण्याखालून चित्र वर आणायचं तर वायरच हवी. ‘वायरलेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मॉडेलमध्येही कॅमेऱ्यापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत वायर असते आणि तिथून पुढे मोबाइलपर्यंत वायफाय असतं.

अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य, त्याच्या आसपासची राज्यं आणि कॅनडा इथे हिवाळ्यात तलाव गोठतात. बर्फावर तंबू ठोकून किंवा लहान खोकं उभारून मासे पकडणं हा तिथला जुना छंद आहे. असे कॅमेरे प्रामुख्याने त्याच लोकांसाठी तयार झाले.

बर्फाखाली मासे जगतात कसे?

बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात आणि जड होतात. पाणी ४ अंश सेल्सिअसपर्यंत तसंच वागतं. त्याखाली मात्र उलटं होतं. ४ अंशांच्या खाली पाणी पुन्हा प्रसरण पावू लागतं आणि गोठताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. त्यामुळे बर्फ हलका होऊन वर तरंगतो आणि ४ अंशांच्या आसपासचं जड पाणी तळाशी राहतं.

म्हणजे तलाव वरून खाली गोठतो. वरचा बर्फ गोधडीसारखा काम करतो आणि खाली मासे जिवंत राहतात. पण मासा हा थंड रक्ताचा प्राणी. पाणी थंड झालं की त्याच्या शरीराची गती मंदावते. तो कमी फिरतो, कमी खातो, आमिष दिसलं तरी झडप घालत नाही. जवळ येतो, हुंगल्यासारखं करतो आणि निघून जातो.

कॅमेऱ्याचा उपयोग इथे सुरू होतो.

बर्फावर कॅमेरा नेमका कसा वापरतात?

आधी बर्फाची जाडी तपासली जाते. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाची सूचना अशी की माणसाने पायी जायचं तर नवा, पारदर्शक बर्फ किमान ४ इंच जाड हवा. त्यानंतर मोठ्या गिरमिटाने साधारण ६ ते १० इंच रुंदीचं भोक पाडतात.

कॅमेरा सावकाश तळापर्यंत सोडतात. वायर किती गेली यावरून खोली कळते. तळ चिखलाचा आहे, खडकाळ आहे की पाणवनस्पतींचा, हे दिसतं. मग कॅमेरा थोडा वर घेऊन हळूहळू गोल फिरवतात. आसपास मासे आहेत का, असल्यास कोणते, हे कळतं. काहीच नसेल तर दुसरीकडे भोक पाडतात.

मासे असतील तर त्याच किंवा शेजारच्या भोकातून गळ सोडून तो कॅमेऱ्यासमोर येईल असा ठेवतात. मासा आला आणि परत गेला, तर आमिष बदलायचं, ते हलवण्याचा वेग कमी करायचा किंवा दोन हात वर घ्यायचं, हे माणूस तिथल्या तिथे ठरवतो. नुसत्या गळावर बसलेल्याला वाटतं इथे मासेच नाहीत. कॅमेरेवाल्याला कळतं की मासे आहेत, खात नाहीत.

यात कटकटीही बऱ्याच. गळाला लागलेला मासा वायरीभोवती गुंडाळतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते. प्रखर दिव्याला काही मासे बुजतात. शिवाय स्क्रीनवर मासा असतो त्याहून मोठा भासतो. सपाट काचेतून पाण्यात पाहिलं की वस्तू सुमारे पाव अंतराने जवळ आल्यासारखी वाटते आणि भिंगाच्या अगदी पुढ्यात आलेला बोटभर मासाही स्क्रीन भरून टाकतो. रीलमधले मासे अवाढव्य दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग बर्फाखालचं पाणी इतकं नितळ का?

सगळी गोम इथे आहे. कॅमेरा सगळीकडे तोच, पण चित्र पाण्यावर ठरतं.

तलाव गोठला की वाऱ्याने लाटा उठत नाहीत, त्यामुळे तळाचा गाळ ढवळला जात नाही. आजूबाजूची जमीन गोठलेली असते, त्यामुळे माती वाहून येत नाही. बर्फ आणि हिमामुळे सूर्यप्रकाश कमी आत जातो, म्हणून पाणी हिरवं करणारं सूक्ष्म शेवाळ कमी वाढतं. आठवडेच्या आठवडे पाणी स्थिर राहतं आणि त्यातले कण खाली बसतात. त्या पाण्यात कॅमेऱ्याला बरंच दूरचं दिसतं.

गढूळ पाण्यात काय होतं? प्रत्येक मातीचा कण प्रकाश इकडेतिकडे उधळतो. समोरच्या माशावरून येणारा प्रकाश भिंगापर्यंत पोहोचण्याआधीच विखुरतो. दिवा लावला तर चित्र आणखी बिघडतं, कारण दिव्याचा प्रकाश त्या कणांवर आपटून थेट भिंगात परततो. दाट धुक्यात गाडीचा अप्पर दिवा लावल्यावर पुढे पांढरी भिंत दिसते ना, तसंच. जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर तीच भिंत जास्त स्पष्ट दिसते, इतकाच फरक.

इन्फ्रारेडही इथे कामी येत नाही. पाणी लाल रंगाचा प्रकाश लवकर शोषतं आणि इन्फ्रारेड त्याहून लवकर. नितळ पाण्यातही त्याची मजल थोड्याच अंतरापर्यंत जाते.

आता जामसरकडे

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत धो धो पाऊस कोसळतो. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात. जमीन उताराची, मातीचा थर पातळ, खाली काळा बसाल्ट खडक. उतारावर नागली आणि वरईची शेती, खालच्या खाचरांत भात. पाऊस सुरू झाला की उतारावरची माती घेऊन पाणी ओढ्यांना मिळतं आणि ओढे चहाच्या रंगाचे होतात.

आणि नेमकी हीच इथल्या मासेमारीची मोठी वेळ. पहिल्या जोरदार पावसानंतर अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट्या दिशेने चढू लागतात. ओढ्यांतून, पाणी भरलेल्या खाचरांतून उथळ जागी अंडी घालायला जातात. कोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात, ठाणे-पालघर-रायगड भागात वलगणीचे मासे. घरच्या कालवणापुरते, थोडे सुकवून ठेवण्यापुरते मासे याच दिवसांत मिळतात.

ते पकडणाऱ्याला पाण्यात काही दिसत नसतं. दिसायची गरजही नसते. पाऊस किती झाला, पाणी कधी चढलं, कुठल्या वळणावर प्रवाह मंदावतो, कुठल्या बांधाच्या फटीतून मासा वर जाणार, हे त्याला ठाऊक असतं. जाळं किंवा सापळा त्या वाटेवर लावला की काम झालं. बर्फावरचा माणूस मासा शोधत भोकं पाडत फिरतो. इथे माशाची वाट माहीत असते, म्हणून तो येईल तिथे माणूस थांबतो. अशा पाण्यात सोडलेला कॅमेरा जून ते सप्टेंबर बहुतेक वेळ तपकिरी पडदाच दाखवेल.

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून गाळ खाली बसू लागतो. हिवाळ्यात डोहांचं पाणी बऱ्यापैकी निवळतं. मार्च उजाडेपर्यंत बरेच ओढे आटतात आणि पाणी फक्त डोहांत, बंधाऱ्यांत आणि विहिरींत उरतं. म्हणजे कॅमेऱ्याला दिसेल असा काळ इथे साधारण नोव्हेंबरनंतरचा. तोही जागा पाहून.

विकत घेण्याआधी एक ताटली पाण्यात सोडा

आपल्या पाण्यात कॅमेरा चालेल की नाही, हे जवळजवळ फुकटात तपासता येतं.

१८६५ मध्ये आंजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी पांढऱ्या तबकड्या दोरीने खाली सोडल्या. तबकडी दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पाण्याची पारदर्शकता. ही पद्धत आजही जगभर वापरली जाते. तबकडीला सेकी डिस्क असंच नाव पडलं. तलावांसाठी ती सहसा २० सेंटिमीटर व्यासाची असते आणि तिचे चार भाग काळे-पांढरे रंगवलेले असतात.

घरी हे करायचं तर एक जुनी पांढरी ताटली घ्या. मध्यभागी भोक पाडून दोरी ओवा, खाली दगड बांधा. दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारा. दुपारी ऊन असताना, सावलीच्या बाजूने, ताटली सावकाश पाण्यात सोडा. ती दिसेनाशी झाली की गाठी मोजा. मग हळूहळू वर ओढा, पुन्हा दिसू लागली की पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी घ्या.

ताटली अर्ध्या मीटरच्या आत गायब होत असेल तर कॅमेऱ्याचा नाद सोडलेला बरा. मासा भिंगाला टेकेल इतका जवळ आला तरच दिसेल. दोन-तीन मीटरपर्यंत दिसत असेल तर कॅमेऱ्यातही काहीतरी पाहण्यासारखं मिळेल.

मत्स्यशेती करणाऱ्यासाठी मात्र उलटा हिशेब

शेततळ्यात किंवा गावतळ्यात कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडणाऱ्यांना असा कॅमेरा घ्यावासा वाटणं साहजिक आहे. मासे वाढले का, किती उरले, हे वरून कळत नाही आणि पैसे तर पाण्यात गेलेले असतात.

पण माशांच्या चांगल्या तळ्याचं पाणी नितळ नसतंच. ते फिकट हिरवं असतं. हा हिरवेपणा म्हणजे प्लवंग, अगदी बारीक वनस्पती आणि त्यांवर जगणारे बारीक जीव. वरच्या थरात चरणारा कटला थेट त्यावरच पोसला जातो. अशा तळ्यात ताटली साधारण ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी होणं चांगलं मानतात. त्याहून फार खोलवर दिसत असेल तर नैसर्गिक खाद्य कमी आहे. फारच लवकर, २० सेंटिमीटरच्या आत गायब होत असेल तर एक तर माती जास्त आहे किंवा शेवाळ अति झालंय.

थोडक्यात, ज्या तळ्यात कॅमेऱ्याला छान दिसतं त्या तळ्यात माशांना खायला कमी असतं.

शिवाय तळ्यातला सर्वांत मोठा धोका कॅमेऱ्याला दिसतच नाही. तो म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होणं. दिवसा प्लवंग ऑक्सिजन तयार करतं, रात्री तेच तो वापरतं. म्हणून पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो आणि दोन-चार दिवस सलग ढगाळ गेले तर परिस्थिती बिघडते. गोठलेल्या तलावांतही हेच संकट असतं. बर्फावर हिमाचा जाड थर साचून उजेड बंद झाला की खाली ऑक्सिजन संपत जातो आणि मासे मरतात.

याची खूण डोळ्यांनीच दिसते. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून हवा घेत असतील तर खाद्य घालणं ताबडतोब थांबवावं, ताजं पाणी सोडावं किंवा पंपाने पाणी उडवून हवा मिसळावी. कार्पसारख्या माशांसाठी दर लिटर पाण्यात ५ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असावा असं मानतात. तो मोजण्याचं साधं चाचणी किट आणि एक ताटली, या दोन गोष्टी तळेवाल्याला कॅमेऱ्यापेक्षा जास्त सांगतात. माशांची वाढ पाहायची तर महिन्यातून एकदा जाळं ओढून दहा-वीस मासे वजन करून परत सोडणं हीच खात्रीची पद्धत.

न दिसणाऱ्या पाण्यात दुसरं काय चालतं?

आवाज. सोनार यंत्र पाण्यात ध्वनिलहरी सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून खोली आणि मधल्या वस्तू दाखवतं. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. गढूळपणाचा त्याला फारसा अडथळा नसतो. म्हणूनच समुद्रावर जाणाऱ्या यांत्रिक होड्यांवर ‘फिश फाइंडर’ असतात, कॅमेरे नाहीत.

सोनारला मर्यादाही आहे. खाली काहीतरी आहे हे ते सांगतं, तो मासा कुठला हे नाही. गुडघाभर पाण्याच्या ओढ्यात तर त्याचाही उपयोग नाही.

मग जव्हार-मोखाड्यात कॅमेरा कामाचा कुठे?

विहिरीत.

इतका पाऊस पडूनही या भागात उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होते. बसाल्टमध्ये पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. उतारावरून बाकीचं वाहून जातं. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो आणि गाळ किती साचलाय, झरा कुठून येतोय, हे बघायला कुणीतरी आत उतरतं. दोरीने, कपारीत पाय ठेवून.

हे उतरणं जीवघेणं ठरू शकतं. पडण्याचा धोका तर आहेच. खोल, बंद विहिरीत ऑक्सिजन कमी असू शकतो. विहिरीच्या आत डिझेल इंजिन चालवलं असेल तर त्याच्या धुराने माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच कोसळतो. अशा वेळी काठावर उभं राहून वायरला लावलेला कॅमेरा आत सोडणं हा केव्हाही शहाणपणा.

उपशाआधीचं, निवळलेलं विहिरीचं पाणी कॅमेऱ्याला अनुकूल असतं. पंप काही तास बंद ठेवावा. ऊन डोक्यावर असताना पाहावं. वायरीवर दर फुटाला खूण करावी. कॅमेरा तळाला आपटू देऊ नये, नाहीतर गाळ उठतो आणि पुढचा तासभर काही दिसत नाही. गाळाची पातळी, ढासळलेला दगड, पंपाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा, पडलेली बादली किंवा सुटलेली मोटर, एवढं नक्की कळतं. पाण्याच्या वरच्या भागात कुठल्या भेगेतून पाझर येतोय तेही दिसतं. खोलीकरण कुठे करायचं याचा विचार त्यावरून सुरू करता येतो.

एक काळजी मात्र हवी. तोच कॅमेरा ओढ्यात, तळ्यात वापरून थेट पिण्याच्या विहिरीत सोडू नये. आधी कॅमेरा आणि वायर स्वच्छ धुऊन, ब्लीचिंग पावडरच्या सौम्य द्रावणाने पुसून, पुन्हा साध्या पाण्याने धुवावी.

बोअरवेलसाठी मासेमारीचा कॅमेरा वापरू नये. बोअर २००-३०० फूट खोल असते, म्हणजे ६० ते ९० मीटर. वायर तिथपर्यंत पुरत नाही. कॅमेऱ्याचं आवरण तेवढा दाब सोसेलच असं नाही. शिवाय आत मोटर आणि पाइप असताना सोडलेला कॅमेरा अडकला की मोटरही गेली आणि कॅमेराही. या कामासाठी बोअरवेल तपासणीचे वेगळे कॅमेरे असतात. ते मोटर बाहेर काढून सोडतात आणि त्यांत खाली आणि बाजूला, दोन्हीकडे पाहायची सोय असते.

घ्यायचाच असेल तर काय बघावं?

जाहिरातीत ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ समजून घ्या. मोबाइलला जोडायच्या स्वस्त नळीसारख्या कॅमेऱ्यांवर बहुतेक वेळा आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ १ मीटर खोलीपर्यंत, अर्धा तास. गटाराची नळी बघायला ते ठीक. दहा मीटर खोलीवर पाण्यामुळे हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा आणखी दाब येतो आणि असा कॅमेरा फुटतो किंवा त्यात पाणी शिरतं. आयपी ६८ असेल तर किती मीटरसाठी ते कंपनीने वेगळं लिहिलेलं असतं. तो आकडा शोधा. लिहिलेला नसेल तर घेऊ नका.

दिव्यांचा उजेड कमी-जास्त करता आणि पूर्ण बंदही करता यायला हवा. गढूळ पाण्यात बंद दिवाच जास्त दाखवतो. स्क्रीन भर उन्हात दिसतो का ते पाहा. बर्फावर बॅटरीला थंडी त्रास देते, आपल्याकडे ऊन. तापलेल्या खडकावर किंवा बंद गाडीत लिथियम बॅटरी ठेवू नका. विक्रेत्याने दाखवलेला व्हिडिओ बहुतेक नितळ तलावातला असतो. गढूळ पाण्यातला मागा.

आणि नियम?

गावतळी, बंधारे आणि धरणांमधली मासेमारी अनेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. तिथे कॅमेरा घेऊन गळ टाकण्याआधी संस्थेला किंवा ग्रामपंचायतीला विचारावं लागतं. स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यातही ती आहे.

कॅमेऱ्याबद्दल वेगळा विचार उन्हाळ्यात करावा लागतो. ओढे आटल्यावर त्या भागातले उरलेसुरले मासे दोन-चार डोहांत गोळा झालेले असतात. पाणीही तेव्हा निवळलेलं असतं. म्हणजे कॅमेरा सर्वांत चांगला चालतो तो काळ आणि मासे सर्वांत अडचणीत असतात तो काळ एकच. त्या डोहातले मासेच जूनमध्ये पहिल्या पावसाला अंडी घेऊन वर चढणार असतात. मे महिन्यात डोह नेमका पाहून रिकामा केला तर त्या ओढ्याला वलगण येणार कुठून? परदेशातही मासे स्क्रीनवर जिवंत हलताना दाखवणाऱ्या नव्या यंत्रांवरून गळवाल्यांमध्ये वाद सुरू आहेत, ते याच मुद्द्यावर. सगळं दिसू लागलं की माशाला लपायला जागा उरत नाही.

तेव्हा रील पाहून कॅमेरा मागवावासा वाटला, तर आधी दोन कामं करा. ताटलीची चाचणी घ्या आणि कॅमेऱ्याने नेमकं काय बघायचंय ते ठरवा. गावच्या विहिरीतला गाळ बघायचा असेल तर वायरची लांबी मोजून, खोलीचा आकडा तपासून तो घ्यायला हरकत नाही. एकट्याने घेण्यापेक्षा वाडीने किंवा बचत गटाने मिळून घेतला तर चार विहिरींना पुरेल आणि कुणाला आत उतरायची वेळ येणार नाही.